गैरहजेरीतून कळणारी नाती

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात मी असे लिहिले होते की, पेशीत जी प्रथिने एकमेकांच्या मदतीने काम करतात ती उत्क्रांतीच्या प्रवासात बहुधा एकत्र टिकतात आणि एकत्रच नाहीशी होतात. म्हणून अनेक सजीवांचे जनुकसंच, म्हणजे प्रत्येकातील सगळी जनुके, शेजारी ठेवून वाचले, तर कोणते प्रथिन कोणाच्या सोबतीने काम करते याचा अंदाज बांधता येतो. या विधानावर नागपूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रे निवडून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी थोडी आटोपशीर केली आहेत, प्रश्न मात्र वाचकांचेच आहेत.

प्रश्न : मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. एखादे प्रथिन काय करते हे त्याच्यावर प्रयोग करूनच कळते, असे मी मुलांना सांगत आलो. नुसते जनुकसंच वाचून दोन प्रथिनांचे नाते सांगणे हे मला पत्रिका जुळवण्यासारखे वाटते. यात शास्त्र कोठे आहे? (एक निवृत्त शिक्षक, महाल)

उत्तर : सर, आपण वर्षानुवर्षे हजेरीपट भरला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करते. वर्षअखेरीस आपण साठ मुलांच्या वर्गाचा पट उघडून बसला आहात असे समजू. जो मुलगा वर्षभरात एकही दिवस चुकला नाही, त्याची कोणाशी मैत्री आहे हे त्या पटावरून कधीच कळणार नाही. पण दोन मुले अकरा दिवस गैरहजर होती आणि दोघांचे अकराही दिवस नेमके तेच होते असे दिसले, तर त्यांना न विचारताही आपल्या लक्षात येते की ही मुले एका घरातली असावीत, नाहीतर एकाच ऑटोने शाळेत येत असावीत. हजेरीच्या खुणांनी जे सांगितले नाही, ते गैरहजेरीच्या खुणांनी सांगितले.

जनुकसंचांच्या तुलनेत मुलांच्या जागी प्रथिने असतात आणि दिवसांच्या जागी सजीव असतात. ज्या सजीवाच्या जनुकसंचात त्या प्रथिनाचे जनुक सापडते तेथे १ लिहायचा, सापडत नाही तेथे ० लिहायचा, आणि अशा रीतीने प्रत्येक प्रथिनाची एक ओळ तयार करायची. ज्या दोन प्रथिनांच्या ओळी हुबेहूब किंवा जवळजवळ सारख्या निघतात, त्यांचे काम एकमेकांशी जोडलेले असण्याचा संभव मोठा असतो, कारण दोघांपैकी एकच उरले तर ते सजीवाच्या उपयोगाचे राहत नाही आणि निरुपयोगी जनुक पिढ्यान्‌पिढ्यांच्या बदलांत झिजून जाते. शास्त्रीय लेखनात याला फायलोजेनेटिक प्रोफाइल म्हणतात. मी वर्गात त्याला हजेरीपटच म्हणते.

एक खरा पट पाहू. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल तयार करण्याची शेवटची पायरी ट्रिप्टोफॅन सिंथेज हे विकर पार पाडते. त्याचे अल्फा आणि बीटा असे दोन भाग असतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूत दोन्ही आहेत, म्हणून १ आणि १. क्षयरोगाच्या जीवाणूत दोन्ही आहेत. वनस्पतींत दोन्ही आहेत. माणसात दोन्ही नाहीत, म्हणून तर ट्रिप्टोफॅन आपल्याला अन्नातूनच मिळवावे लागते. साथीचा टायफस घडवणारा रिकेट्सिया हा जीवाणू पेशीच्या आत राहून सगळे आयते घेतो; त्याच्यातही दोन्ही नाहीत. ज्याने ही दोन प्रथिने कधी पाहिलीही नाहीत, त्यालाही केवळ या शून्यांवरून त्यांची जोडी ओळखता येईल. प्रयोगांनी ती जोडी फार पूर्वीच सिद्ध केली आहे: अल्फा भागात तयार झालेला इंडोल हा रेणू बाहेर न सांडता, सुमारे अडीच नॅनोमीटर लांबीच्या आतल्या बोगद्यातून थेट बीटा भागात पोहोचतो.

पत्रिका आणि हा पट यांत मला दिसणारा फरक असा आहे की, ज्या जोड्या प्रयोगांनी आधीच सिद्ध झाल्या आहेत त्यांवर ही रीत प्रथम तपासता येते, किती वेळा बरोबर आली आणि किती वेळा चुकली हे मोजता येते, आणि मगच अनोळखी प्रथिनांकडे वळता येते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड आयझेनबर्ग, मॅटेओ पेलेग्रिनी, एडवर्ड मार्कोट, टॉड येट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ही रीत मांडली, तेव्हा त्यांच्या हाताशी तुलनेसाठी अवघे १६ जनुकसंच होते. तरीही रायबोसोमची, म्हणजे पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेची, प्रथिने रायबोसोमच्या प्रथिनांजवळ आणि जीवाणूंच्या कशाभिकेची, म्हणजे पोहण्याच्या शेपटीची, प्रथिने कशाभिकेच्या प्रथिनांजवळ येऊन बसली. आपण मुलांना जे सांगत आलात ते आजही खरे आहे, शेवटचा शब्द प्रयोगाचाच असतो. परंतु ई. कोलायचा संपूर्ण जनुकसंच १९९७ मध्ये वाचला गेला तेव्हा त्यातील ४,२८८ प्रथिन-जनुकांपैकी सुमारे ३८ टक्के जनुकांचे काम ठाऊक नव्हते. इतक्या जनुकांवर प्रयोग करायचे तर पहिला प्रयोग कोणता करावा, हे सांगणारे काहीतरी हाती असावे लागते. ते काम हा पट करतो.

प्रश्न : गैरहजेरीखेरीज आणखी कोणत्या खुणा पाहतात? ‘रोझेटा शिळेची रीत’ असा उल्लेख मी वाचला, पण त्या शिळेचा प्रथिनांशी संबंध काय ते समजले नाही. (कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षिका, वर्धा)

उत्तर : दोन खुणा महत्त्वाच्या आहेत. पहिली शेजाराची. जीवाणूंमध्ये एकाच कामाची जनुके बहुधा ओळीने बसलेली असतात आणि एकत्र चालू-बंद होतात. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये अशा रांगेला ओपेरॉन म्हटले. मात्र दोन जनुके एका जीवाणूत शेजारी आहेत एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जीवाणूंच्या जनुकसंचात जनुकांची मांडणी सतत विस्कटत असते, आणि इतक्या विस्कटीतूनही दूरदूरच्या जीवाणूंमध्ये तीच दोन जनुके शेजारी राहिली असतील, तर त्या शेजाराला काहीतरी कारण असले पाहिजे. जवळच्या नात्यातील जीवाणूंमध्ये ती शेजारी असणे हे केवळ विस्कटायला पुरेसा काळ न मिळाल्याचे लक्षण असू शकते.

ट्रिप्टोफॅनचेच उदाहरण पुढे नेते, कारण एकच उदाहरण खोलात पाहिले की ते लक्षात राहते. हे अमिनो आम्ल तयार करायला सात प्रथिनभाग लागतात. बॅसिलस सब्टिलिस या मातीतील जीवाणूत त्यांपैकी सहांची जनुके एका रांगेत आहेत आणि सातवे जनुक दूर, फोलेट हे जीवनसत्त्व तयार करणाऱ्या जनुकांच्या रांगेत जाऊन बसले आहे. प्रथमदर्शनी हा अपवाद वाटतो. प्रत्यक्षात ते सातवे प्रथिन ट्रिप्टोफॅन आणि फोलेट या दोन्हींच्या निर्मितीत काम करते. म्हणजे ज्या जागी शेजार मोडला, त्याच जागी त्या प्रथिनाचे दुसरे काम उघड झाले. अपवाद दिसला की तो खोडून टाकण्याऐवजी त्याच्याजवळ थांबावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते ते या उदाहरणामुळेच.

दुसरी खूण विलीनीकरणाची. ई. कोलायमध्ये त्याच सात भागांसाठी पाचच जनुके आहेत, कारण दोन ठिकाणी दोन-दोन भाग एकाच लांब प्रथिनात जोडले गेले आहेत. यीस्टमध्ये तर वर सांगितलेले अल्फा आणि बीटा हेही एकाच प्रथिनाचे दोन भाग आहेत. जे दोन भाग एका सजीवात सुटे आणि दुसऱ्या सजीवात सलग सापडतात, ते सुट्या अवस्थेतही एकमेकांसोबत काम करत असावेत असा तर्क यातून निघतो. १७९९ मध्ये इजिप्तमध्ये सापडलेल्या रोझेटा शिळेवर एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला होता आणि त्यातील ग्रीक मजकुराच्या आधाराने न वाचता येणारी चित्रलिपी उलगडली. तसे येथे एका सजीवातील जोडप्रथिन दुसऱ्या सजीवातील दोन सुट्या प्रथिनांचे नाते वाचून दाखवते, म्हणून ते नाव पडले. वर्गात सांगायला सोपे उदाहरण गायरेजचे आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे सर्वांच्या परिचयाचे औषध जीवाणूंच्या ज्या गायरेज विकराला अडवते, त्याचे जीवाणूंमध्ये दोन सुटे भाग असतात, आणि यीस्टमध्ये त्यांना समरूप, म्हणजे त्याच पूर्वज जनुकापासून आलेले, टोपोआयसोमरेज हे एकच सलग प्रथिन असते.

या रीतीने १९९९ मध्ये ई. कोलायसाठी ६,८०९ आणि यीस्टसाठी ४५,५०२ संभाव्य जोड्या मांडल्या गेल्या. माझे मत विचाराल तर यीस्टचा आकडा वाचतानाच सावध व्हावे. काही प्रथिनभाग असे असतात की ते नाना प्रकारच्या प्रथिनांना जोडलेले आढळतात. अशा भागांवरून नाते ठरवायला गेले तर सगळेच सगळ्यांचे नातेवाईक ठरतात. असे भाग आधी वगळावे लागतात.

प्रश्न : जीवाणूंचे समजले. माणसाच्या एखाद्या आजाराच्या बाबतीत या तुलनेतून काही हाती लागले आहे का? (एक निवासी डॉक्टर, हनुमाननगर)

उत्तर : लागले आहे, आणि डॉक्टर, त्यांतील दोन गोष्टी मला या संपूर्ण विषयात सर्वांत सुंदर वाटतात. माणसात संबंधित कामांची जनुके साधारणतः वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असतात, त्यामुळे शेजाराची खूण येथे फारशी चालत नाही. हजेरीपट मात्र चालतो.

पहिली गोष्ट २००४ ची. आपल्या पेशींवर सिलिया म्हणजे केसांसारखे सूक्ष्म धागे असतात. क्लॅमिडोमोनास नावाच्या गोड्या पाण्यातील हिरव्या शेवाळाला पोहण्यासाठी तसेच दोन धागे असतात. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीला ते नसतात. संशोधकांनी माणूस आणि शेवाळ या दोघांत असलेली, पण अरॅबिडॉप्सिसमध्ये नसलेली जनुके वेगळी काढली, तेव्हा ६८८ जनुकांची यादी तयार झाली. त्या यादीच्या मदतीने बार्डेट-बीडल सिंड्रोमशी निगडित बीबीएस५ हे जनुक ओळखता आले. या विकारात दृष्टिपटल झिजते, स्थूलता येते आणि काहींना जास्तीची बोटे असतात. तळ्यातील शेवाळ आणि शेतातील मोहरीचे भावंड यांच्यातील फरकाने दृष्टी गमावणाऱ्या रुग्णाच्या जनुकापर्यंत पोहोचवले, ही गोष्ट मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मला त्याचे तितकेच नवल वाटते.

दुसरी गोष्ट अधिक काळ रखडलेल्या कोड्याची. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका कॅल्शियम आत ओढून घेतात हे १९६० च्या दशकाच्या आरंभी कळले होते. परंतु कॅल्शियम ज्या प्रथिनाच्या वाटेने आत जाते, ते प्रथिन सुमारे पन्नास वर्षे कोणाला सापडले नाही. धागा असा मिळाला की, यीस्टच्या तंतुकणिका हे काम करत नाहीत, मात्र ट्रिपॅनोसोमाच्या करतात. याच ट्रिपॅनोसोमाच्या एका जातीमुळे आपल्याकडे गुरांना सर्रा होतो आणि काळा आजार घडवणारा लेशमॅनिया त्याच्याच कुळातला. तेव्हा तंतुकणिकांच्या सुमारे १,१०० प्रथिनांतून जी सस्तन प्राण्यांत आहेत, या परजीवींत आहेत आणि यीस्टमध्ये नाहीत, अशी प्रथिने शोधली गेली. २०१० मध्ये या मार्गाने एमआयसीयू१ हे नियंत्रक प्रथिन मिळाले आणि २०११ मध्ये बोस्टन आणि इटलीतील पदुआ येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे खुद्द कॅल्शियमची वाट असलेले एमसीयू हे प्रथिन शोधले. पटावरून नाव निघाले, परंतु उंदराच्या यकृतात त्या जनुकाचा आवाज बंद केल्यावर तंतुकणिकांचे कॅल्शियम घेणे थांबले, तेव्हाच ते मान्य झाले.

प्रश्न : माझी काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. ग्रीनिंग रोगाने झाडे खंगत चालली आहेत. त्या रोगाचा जीवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाही, असे एका शिबिरात ऐकले. मग त्याच्याविषयी काही कळणार कसे, आणि आपण सांगता ती जनुकसंचांची तुलना येथे उपयोगी पडेल का? (एक संत्रा बागायतदार)

उत्तर : भाऊ, आपण ऐकले ते बरोबर आहे. या जीवाणूचे नाव कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस असे आहे, आणि नावातील पहिला शब्दच हे सांगतो की त्याला अद्याप शुद्ध स्वरूपात वाढवून ठेवता आलेले नाही. तो झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि सिट्रस सायला ही कीड त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. बशीत न वाढणाऱ्या जीवाणूवर नेहमीचे प्रयोग करता येत नाहीत, म्हणून त्याच्या बाबतीत जनुकसंचाची तुलना हा दुय्यम मार्ग न राहता मुख्य मार्ग ठरला. २००९ मध्ये त्याचा जनुकसंच वाचून झाला. तो डीएनएच्या सुमारे १२ लाख ३० हजार अक्षरांचा आहे, ई. कोलायचा सुमारे ४६ लाख अक्षरांचा असतो. म्हणजे यजमानाकडून आयते मिळणाऱ्या गोष्टींची जनुके त्याने टाकून दिली आहेत.

त्याचा एक भाऊबंद, लिबेरिबॅक्टर क्रेसेन्स, पपईच्या जातीच्या एका झाडात सापडला आणि तो प्रयोगशाळेत वाढतो. त्याचा जनुकसंच सुमारे १५ लाख अक्षरांचा आहे. वाढणारा आणि न वाढणारा असे दोन भाऊबंद शेजारी ठेवले की, न वाढणाऱ्याकडे काय नाही याची यादी आपोआप समोर येते, आणि त्याला झाडाकडून काय लागत असेल याचा विचार तेथून सुरू होतो. एक गोष्ट तर प्रयोगानेही तपासली गेली आहे: पेशीत राहणाऱ्या इतर जीवाणूंच्या प्रथिनांशी साम्य पाहून ग्रीनिंगच्या जीवाणूत ऊर्जेचा रेणू एटीपी बाहेरून ओढून घेणारे प्रथिन ओळखले गेले, आणि ते जनुक ई. कोलायमध्ये घालून पाहिल्यावर ई. कोलायही एटीपी आत घेऊ लागला. जो जीवाणू वाढवता येत नाही, त्याचे एक जनुक वाढणाऱ्या जीवाणूत बसवून प्रश्न विचारता येतो.

मात्र हजेरीपटाची रीत येथे जपून वापरावी लागते, आणि अभ्यासकांचीही चूक नेमकी येथेच होते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. ज्या दिवशी मुसळधार पावसाने अर्धा वर्ग आलाच नाही, त्या दिवसाच्या गैरहजेरीवरून कोणाचीही मैत्री ठरवता येत नाही. ग्रीनिंगच्या जीवाणूसारखा आटलेला जनुकसंच म्हणजे असा पावसाचा दिवस आहे. त्याच्यात एकमेकांशी काहीही संबंध नसलेली शेकडो जनुके एकदमच नाहीत. असे आटलेले दहा-वीस जनुकसंच पटात घातले, तर सगळ्याच ओळी एकमेकींसारख्या दिसू लागतात.

आपल्या बागेपुरते बोलायचे तर या संशोधनातून रोगट झाड बरे करणारे औषध अजून निघालेले नाही. आज तरी सायला किडीवर नजर ठेवणे, रोगट झाडाचे डोळे कलमांसाठी न वापरणे आणि रोगमुक्त कलमेच लावणे, हेच हातात आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याच्या सूक्ष्म कलमापासून रोगमुक्त रोपे तयार केली जातात. नवी लागवड करण्यापूर्वी तेथे अवश्य चौकशी करावी.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता प्रथिनांची रचना क्षणात सांगते. मग ही जुनी तुलना कशाला हवी? (एक अभियंता, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : ज्या अल्फाफोल्डसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला, तो अल्फाफोल्ड स्वतःच तुलनेवर उभा आहे. एकाच प्रथिनाची अनेक सजीवांतील रूपे एकाखाली एक मांडून, कोणत्या दोन जागा एकमेकींच्या अनुरोधाने बदलत आल्या हे तो वाचतो. शिवाय एकाच निर्मितीसाखळीतील दोन विकरे पेशीत एकमेकांना कधी स्पर्शही करत नसतील. त्यांची रचना कितीही अचूक कळली तरी त्यांचे काम जोडलेले आहे हे रचनेतून दिसत नाही. ते पटातून दिसते.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ई. कोलायचे काम अज्ञात असलेले एक प्रथिन घेतले आणि स्ट्रिंग या, प्रथिनांमधील संभाव्य दुवे दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पाहिले. ट्रिप्टोफॅन सिंथेजच्या बीटा भागाशी त्याचा दुवा ०.६२ गुणांनी दाखवला आहे. मी अहवालात ‘हे ट्रिप्टोफॅन तयार करणारे प्रथिन आहे’ असे लिहू शकते का? (एक विद्यार्थिनी, अमरावती रोड)

उत्तर : असे लिहू नकोस. आधी ०.६२ म्हणजे काय ते पाहा. तो दुवा किती घट्ट आहे याचा तो आकडा नाही. उपलब्ध पुराव्यांवरून तो दुवा खरा असण्याची शक्यता किती, याचा तो अंदाज आहे. म्हणजे असे शंभर दुवे घेतले तर त्यांतील अडतीसच्या आसपास चुकीचे निघतील, असे स्ट्रिंग स्वतःच तुला सांगत आहे. त्यातही चुकीच्या जोड्यांचा डोंगर केवढा असतो याची कल्पना असू दे. ४,२८८ प्रथिनांच्या शक्य जोड्या ९१,९१,३२८ होतात. एखादी रीत हजारांत एकदाच चुकत असली, तरी नऊ हजारांहून अधिक खोट्या जोड्या तुझ्या यादीत येऊन बसतील.

त्यानंतर त्या दुव्यावर क्लिक करून पुरावा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. हिरवी रेघ शेजाराची, लाल विलीनीकरणाची आणि गडद निळी हजेरीपटाची असते. पण स्ट्रिंग शोधनिबंधांच्या मजकुरातून दोन नावे एकत्र आलेलीही मोजते, आणि तुझे ०.६२ मुख्यतः त्यातून आले असेल, तर तुझ्या हातात जनुकसंचांचा पुरावा नाहीच. कोणीतरी ती दोन नावे एका परिच्छेदात लिहिली एवढेच तुला कळले आहे. मांडणीच्या पर्यायांत जाऊन मजकुराचा पुरावा बंद कर आणि गुण किती उरतात ते नोंदव. माझ्या मते हा दुसरा आकडा अहवालात असलाच पाहिजे.

हजेरीपट तू स्वतःही तयार कर. त्यासाठी साधा संगणक पुरतो आणि तयार करताना जे कळते ते तयार गुणांवरून कळत नाही. सजीव निवडताना ई. कोलायचे जवळचे नातलग भारंभार घेऊ नकोस. ई. कोलाय, शिगेला आणि साल्मोनेला यांनी दिलेला कौल हा एकाच घरातील तिघांचा कौल आहे, तो तीन मते म्हणून मोजायचा नाही. समरूप जनुक ठरवताना साम्य दिसले की १ लिहिला, असेही करायचे नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन आणि स्नायूंतील मायोग्लोबिन यांत साम्य आहे, पण ती एकाच पूर्वज जनुकाच्या दोन प्रती होऊन वेगळ्या कामांना लागलेली प्रथिने आहेत. ई. कोलायचे जनुक घेऊन दुसऱ्या सजीवात शोधले आणि तेथे सापडलेले घेऊन परत ई. कोलायमध्ये शोधले, तरी दोन्ही वेळा तीच जोडी सर्वांत जवळची येते का, एवढी परीक्षा तरी घ्यावी.

आणि शून्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो शून्य कोठून आला ते पाहा. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, माझ्या विद्यार्थ्यांनी चाळीस जीवाणूंचा पट केला होता. एका अनोळखी प्रथिनाची ओळ ट्रिप्टोफॅनच्या ओळींशी फक्त एका जागी जुळत नव्हती, आणि त्या एका शून्यावरून आम्ही चार दिवस निरनिराळे तर्क लढवत बसलो. शेवटी लक्षात आले की तो जनुकसंच पूर्ण वाचलेलाच नव्हता. तुकड्यांच्या मधल्या फटीत ते जनुक राहिले होते. पूर्ण झालेली आवृत्ती घेताच शून्याचा १ झाला. त्या दिवसापासून आमच्या पटात १ आणि ० यांखेरीज तिसरी खूण आहे, प्रश्नचिन्हाची. ‘नाही’ आणि ‘पाहिले नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरे शून्यही निरखून वाच. डोळ्यांत खुपऱ्या करणाऱ्या क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिसच्या प्रकारांनी चालणारे ट्रिप्टोफॅन सिंथेज गमावले आहे, आणि त्याच जातीच्या जननमार्गात राहणाऱ्या प्रकारांनी ते टिकवले आहे, कारण तेथील इतर जीवाणूंकडून त्यांना इंडोल मिळू शकतो. एकाच जातीत असा फरक पडतो, म्हणून पटात जातीच्या नावाबरोबर प्रकाराचेही नाव लिही.

एवढे करूनही दुवा टिकला, तर अहवालात ‘ट्रिप्टोफॅनच्या निर्मितीशी संबंध असावा असे जनुकसंचांच्या तुलनेवरून दिसते’ असे लिही आणि लगेच पुढे तो तपासायचा प्रयोगही लिही. ई. कोलायच्या एकेक जनुक काढून टाकलेल्या ३,९८५ प्रकारांचा किओ संग्रह २००६ पासून उपलब्ध आहे. त्यात तुझे जनुक असेल तर तो प्रकार मिळव. ग्लुकोज आणि क्षार एवढेच असलेल्या दोन बशा घे, त्यांतील एकीत ट्रिप्टोफॅन घाल, आणि दोन्हींवर तो प्रकार व मूळ ई. कोलाय शेजारी शेजारी रेघेने पसर. ३७ अंशांवर एक-दोन दिवस ठेव. मूळ जीवाणू दोन्ही बशांत वाढला आणि तुझा प्रकार फक्त ट्रिप्टोफॅनच्या बशीत वाढला, तर काढून टाकलेले जनुक प्लाझ्मिडवरून (जीवाणूत घालता येणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावरून) परत घालून साध्या बशीत वाढ परत येते का ते पाहा, आणि तिन्ही बशांची छायाचित्रे अहवालाला जोड. दोन्ही बशांत वाढ सारखीच झाली, तर तेही तितक्याच ठळकपणे लिही.